ग्रहण केव्हा आणि कुठून दिसते

चंद्रग्रहण साऱ्या पृथ्वीसाठी एकाच क्षणी लागते आणि एकाच क्षणी सुटते. सूर्यग्रहण मात्र गावागणिक वेगळे असते. ग्रहणांच्या वेळा आणि स्थळे यांविषयी जो गोंधळ दरवेळी उडतो, तो बहुतेक या एका फरकाकडे दुर्लक्ष झाल्यामुळे. चंद्रग्रहणात पृथ्वीची सावली प्रत्यक्ष चंद्रावर पडते, त्यावर पडणारा सूर्यप्रकाश खरोखरच अडतो. त्या वेळी ज्याच्या आकाशात चंद्र आहे त्या प्रत्येकाला, तो नागपुरात असो की नैरोबीत, तेवढाच ग्रास दिसतो. सूर्यग्रहणात सूर्याला काहीच होत नाही. चंद्र पाहणाऱ्याच्या नजरेच्या आड येतो एवढेच, आणि तो किती आड येतो हे पाहणारा कुठे उभा आहे यावर ठरते. ‘ग्रहण किती वाजता?’ हा प्रश्न म्हणून चंद्रग्रहणापुरता पुरेसा आहे. सूर्यग्रहणाच्या बाबतीत गावाचे नाव सांगितल्याशिवाय त्याला उत्तरच नाही.

२०२२ च्या दिवाळीत हा फरक पंधरवड्याच्या आत दोन्ही बाजूंनी पाहायला मिळाला. २५ ऑक्टोबरच्या अमावास्येला खंडग्रास सूर्यग्रहण होते. लक्ष्मीपूजन आदल्या संध्याकाळी झाले, पाडवा दुसऱ्या दिवशी आला आणि ऐन दिवाळीत मधला एक दिवस रिकामा राहिला. दिल्लीत ग्रहणाचा स्पर्श, म्हणजे सुरुवात, दुपारी ४ वाजून २९ मिनिटांच्या सुमारास झाला, मुंबईत ४ वाजून ४९ मिनिटांच्या सुमारास. दोन्हीकडे घड्याळ भारतीय प्रमाणवेळेचेच, तरीही वीस मिनिटांचे अंतर. दिल्लीत सूर्यबिंबाचा सुमारे ४४ टक्के भाग झाकला गेला, मुंबईत सुमारे २४ टक्के. मोक्ष, म्हणजे ग्रहण सुटणे, भारतात कुठेच दिसला नाही, कारण त्याआधीच सूर्य ग्रासलेल्या अवस्थेत मावळला. पंचांगात याला ग्रस्तास्त म्हणतात. ऐझॉल, इंफाळ, कोहिमा या शहरांत तर स्पर्श होण्यापूर्वीच सूर्यास्त झाला होता, म्हणजे तिथे ग्रहण नव्हतेच.

त्यानंतरच्या त्रिपुरी पौर्णिमेला, ८ नोव्हेंबरला, खग्रास चंद्रग्रहण झाले. चंद्र पृथ्वीच्या गडद सावलीत दुपारी २ वाजून ३९ मिनिटांनी शिरला, ३:४६ ते ५:१२ तो पूर्ण सावलीत होता आणि ६:१९ ला ग्रहण सुटले. या वेळा मुंबईसाठी वेगळ्या आणि कोलकात्यासाठी वेगळ्या नव्हत्या. वेगळा होता तो चंद्रोदय. कोलकात्यात चंद्र पाचच्या आधी उगवला, त्यामुळे तिथल्या लोकांना खग्रास अवस्थेची शेवटची पंधरा-वीस मिनिटे मिळाली. मुंबईत चंद्र सहाच्या सुमारास वर आला. तोवर खग्रास अवस्था संपून पाऊण तास उलटला होता, आणि क्षितिजावरच्या धुरकट हवेत सुटत आलेले ग्रहण तेवढे दिसले. हे ग्रस्तोदित ग्रहण. सूर्यास्ताच्या वेळचे सूर्यग्रहण पश्चिम भारताला झुकते माप देते आणि चंद्रोदयाच्या वेळचे चंद्रग्रहण पूर्व भारताला. पहाटेच्या ग्रहणांत हे उलटे होते.

आता मुळाशी जायचे तर, दर अमावास्येला चंद्र सूर्याच्या दिशेला असतो आणि दर पौर्णिमेला बरोबर उलट बाजूला. तरी दर महिन्याला दोन ग्रहणे होत नाहीत, कारण चंद्राची कक्षा पृथ्वीच्या कक्षेच्या पातळीशी सुमारे ५ अंशांनी कललेली आहे. बहुतेक अमावास्यांना चंद्राची सावली पृथ्वीच्या वरून किंवा खालून निघून जाते, आणि बहुतेक पौर्णिमांना चंद्र पृथ्वीच्या सावलीला चुकवून जातो. दोन्ही पातळ्या ज्या दोन बिंदूंत छेदतात ते पात, म्हणजेच राहू आणि केतू. पुराणातले राहू-केतू गिळणारे आहेत, गणितातले राहू-केतू केवळ दोन छेदनबिंदू आहेत, आणि भारतीय ज्योतिर्गणिताने दोन्ही शेकडो वर्षे गुण्यागोविंदाने नांदवले.

सूर्य या दोन बिंदूंपैकी एकाच्या जवळ असताना अमावास्या किंवा पौर्णिमा आली तरच ग्रहण घडते. सूर्यग्रहणासाठी सूर्य पाताच्या दोन्ही बाजूंना साधारण १५ ते १८ अंशांच्या आत असावा लागतो. सूर्य रोज सुमारे एक अंश सरकतो, म्हणजे हा टप्पा ओलांडायला त्याला तीस दिवसांहून थोडे अधिक लागतात. अमावास्येपासून अमावास्येपर्यंत मात्र साडेएकोणतीसच दिवस असतात. त्यामुळे या मुदतीत एक तरी अमावास्या सापडतेच, आणि प्रत्येक ग्रहणकाळात जगात कुठे ना कुठे एक सूर्यग्रहण व्हावेच लागते, कधी दोनही. चंद्र पृथ्वीच्या गडद सावलीत शिरायचा तर अट अधिक कडक आहे. ती मुदत तीन आठवड्यांच्या आसपासची असल्यामुळे पौर्णिमा तिच्यातून निसटू शकते. २०२७ हे असेच वर्ष आहे. त्या वर्षी तीन पौर्णिमांना चंद्र फक्त विरळ छायेतून जातो, गडद छायेला एकदाही स्पर्श करत नाही.

वर्षभरात दोन्ही प्रकारची मिळून कमीत कमी चार आणि जास्तीत जास्त सात ग्रहणे होतात, विरळ छायेतली धरून. १९३५ मध्ये पाच सूर्यग्रहणे झाली. एका वर्षात पाच सूर्यग्रहणे पुन्हा २२०६ मध्येच होणार आहेत. १९८२ मध्ये चार सूर्यग्रहणे आणि तीन खग्रास चंद्रग्रहणे अशी सात झाली, पण ती चारही सूर्यग्रहणे खंडग्रास होती. आकडा मोठा असला म्हणजे पाहण्यासारखे बरेच काही असते असे नाही.

राहू-केतू आकाशात स्थिर नाहीत. ते उलट्या दिशेने सरकत सुमारे १८.६ वर्षांत एक फेरी पूर्ण करतात. त्यामुळे ग्रहणकाळ दरवर्षी साधारण १९ दिवसांनी अलीकडे येतो. मराठी महिन्यांत हे फार सहज दिसते. २०२२ मध्ये ग्रहण त्रिपुरी पौर्णिमेला होते. २०२३ मध्ये ते कोजागरीला आले: २८ ऑक्टोबरच्या मध्यरात्रीनंतर १:०५ ते २:२४ या वेळात चंद्राच्या व्यासाचा जेमतेम १२ टक्के भाग सावलीत गेला, आणि गच्चीवर आटवलेल्या दुधाचे काय करायचे यावर घरोघर मतभेद झाले. २०२५ मध्ये ग्रहण भाद्रपद पौर्णिमेवर, म्हणजे अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी, ७ सप्टेंबरला आले. रात्री ९:५८ ला स्पर्श, ११:०१ पासून ८२ मिनिटे खग्रास आणि १:२६ ला मोक्ष. त्याची सुरुवात आणि शेवट दोन्ही साऱ्या भारतातून दिसण्याजोगे होते. २०२६ मध्ये तोच क्रम श्रावण पौर्णिमेपर्यंत मागे सरकतो.

पृथ्वीच्या गडद सावलीचा शंकू अंतराळात सुमारे १४ लाख किलोमीटर लांब पसरतो. चंद्र जिथे असतो त्या अंतरावर तिची रुंदी सुमारे ९,२०० किलोमीटर भरते, चंद्राच्या व्यासाच्या अडीचपटीहून अधिक. म्हणून खग्रास चंद्रग्रहण निवांत चालते. चंद्र सावलीच्या मध्यातून, आणि त्यातही पृथ्वीपासून दूर असताना संथपणे गेला, तर पूर्ण अंधार पावणेदोन तासांपर्यंत टिकतो. २७ जुलै २०१८ च्या गुरुपौर्णिमेला तो १ तास ४३ मिनिटे होता. या शतकातले हे सर्वांत दीर्घ खग्रास चंद्रग्रहण. पश्चिम किनाऱ्यावर ते आषाढातल्या ढगांच्या वाट्याला गेले. पूर्ण ग्रासलेला चंद्र सहसा दिसेनासा होत नाही. पृथ्वीच्या वातावरणातून वाकून गेलेला तांबूस प्रकाश त्याच्यावर पडतो, म्हणून तो तांब्यासारखा दिसतो. वातावरणात ज्वालामुखीची राख भरलेली असेल तर मात्र तो जवळजवळ काळा पडतो.

गडद सावलीभोवती विरळ छायेचा पट्टा असतो. चंद्र फक्त त्यातून गेला तर छायाकल्प ग्रहण होते. वर्तमानपत्रे अलीकडे त्याचीही बातमी देतात, पण साध्या डोळ्यांना त्यात फारसा फरक कळत नाही. पंचांगकर्ते हे ग्रहण मानत नाहीत, आणि पाहणाऱ्याच्या दृष्टीने विचार केला तर त्यांचे बरोबर आहे.

सूर्यग्रहणाचे गणित याहून नाजूक आहे. सूर्याचा व्यास चंद्राच्या सुमारे ४०० पट आहे आणि सूर्य चंद्राच्या जवळजवळ तितकाच पट दूर आहे, म्हणून दोन्ही बिंबे आकाशात सारखी दिसतात. चंद्राच्या गडद सावलीची सरासरी लांबी सुमारे ३ लाख ७४ हजार किलोमीटर, आणि चंद्राचे सरासरी अंतर ३ लाख ८४ हजार. सावली जेमतेम पोहोचते किंवा जेमतेम कमी पडते. चंद्र जवळ असेल तर तिचे टोक जमिनीला टेकते आणि खग्रास ग्रहण होते. चंद्र दूर असेल तर त्याचे बिंब सूर्याला पुरत नाही, कडेने तेजस्वी बांगडी उरते. ते कंकणाकृती ग्रहण. काही ग्रहणांत एकाच मार्गावर दोन्ही प्रकार दिसतात, कारण पृथ्वी गोल असल्यामुळे मार्गाचा मधला भाग चंद्राच्या अधिक जवळ असतो. २० एप्रिल २०२३ चे ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम टोकावरून गेलेले ग्रहण अशा संमिश्र जातीचे होते. फ्रेड एस्पेनाक आणि जाँ मेयुस यांनी पाच हजार वर्षांच्या ११,८९८ सूर्यग्रहणांची जी सूची केली, तिच्यात कंकणाकृती ग्रहणे सुमारे ३३ टक्के, खग्रास सुमारे २७ टक्के आणि संमिश्र ५ टक्क्यांहून कमी आहेत. उरलेली निव्वळ खंडग्रास.

जमिनीवरचा खग्रास पट्टा क्वचितच अडीचशे किलोमीटरांहून रुंद असतो. त्याच्या दोन्ही बाजूंना हजारो किलोमीटर खंडग्रास ग्रहण दिसते. जगात सरासरी दीड वर्षाला एक खग्रास सूर्यग्रहण होते, पण एखाद्या ठरावीक गावावरून असा पट्टा पुन्हा जायला सरासरी पावणेचारशे वर्षे लागतात. एका आयुष्यात खग्रास चंद्रग्रहणे डझनांनी पाहता येतात आणि खग्रास सूर्यग्रहण एकही नाही, ते यामुळे. एकूण संख्येत सूर्यग्रहणे चंद्रग्रहणांच्या मागे नाहीत, ती फक्त थोड्या जागेत होतात.

पट्ट्यावर उभे असले तरी काळ थोडा. चंद्राची सावली ताशी सुमारे ३,४०० किलोमीटर वेगाने पश्चिमेकडून पूर्वेकडे धावते. विषुववृत्तावर जमीनही त्याच दिशेने ताशी सुमारे १,६७० किलोमीटर फिरते, त्यामुळे तिथे सावलीचा जमिनीवरचा वेग निम्म्यावर येतो. दीर्घ ग्रहणे म्हणूनच उष्ण कटिबंधात होतात. अत्यंत अनुकूल परिस्थितीतही खग्रास अवस्था साडेसात मिनिटांच्या पुढे जाऊ शकत नाही. कंकणाकृती अवस्था अधिक टिकते. १५ जानेवारी २०१० ला हिंदी महासागरात ती ११ मिनिटे ८ सेकंद होती, आणि धनुष्कोडी-रामेश्वरम परिसरात सुमारे दहा मिनिटे.

भारताच्या वाट्याला गेल्या काही दशकांत चार खग्रास पट्टे आले. १६ फेब्रुवारी १९८० चा पट्टा कारवार-अंकोल्याच्या किनाऱ्यावर शिरून हुबळी, रायचूर आणि हैदराबादजवळची जपाल-रंगापूर वेधशाळा यांवरून ओडिशात पुरी-कोणार्ककडे गेला. महाराष्ट्रात त्या शनिवारी दुपारी सूर्याचा मोठा भाग झाकला गेला, पण ग्रहणाच्या भीतीने रस्त्यांवर तो पाहायला फारसे कोणी नव्हते. २४ ऑक्टोबर १९९५ चे ग्रहण पुन्हा दिवाळीतलेच. राजस्थानातल्या नीम का थाना, भरतपूरपासून बंगालमधल्या डायमंड हार्बरपर्यंत एक अरुंद पट्टा, त्यात अंधार मिनिटभराच्या आसपास, पण आकाश निरभ्र. त्या सकाळी दूरदर्शनसमोर बसलेल्या देशाच्या मनातली ग्रहणाची भीती बरीच ओसरली. ११ ऑगस्ट १९९९ चा पट्टा युरोपातून येऊन कच्छमधून भारतात शिरला आणि बंगालच्या उपसागरात सूर्यास्ताबरोबर संपला. २२ जुलै २००९ चा पट्टा सुरतेजवळ सूर्योदयाबरोबर सुरू झाला आणि इंदूर, भोपाळ, वाराणसी, पाटणा, दिब्रुगढ असा गेला. पुढे प्रशांत महासागरात हेच ग्रहण ६ मिनिटे ३९ सेकंदांचे झाले, या शतकातले सर्वांत दीर्घ. सुरतेत पावसाळी ढग, पाटण्याजवळच्या तारेगनात हजारोंची गर्दी आणि तिथेही ढग. वाराणसीच्या घाटांवर मात्र ते स्वच्छ दिसले. ग्रहणाची वेळ सेकंदापर्यंत सांगता येते, पण महाराष्ट्रात जून ते सप्टेंबर या काळातल्या ग्रहणाबाबत खरा निर्णय पावसाचा असतो.

कंकणाकृती ग्रहणांचे तीन पट्टेही या काळात आले: २०१० मध्ये कन्याकुमारी-रामेश्वरम, २६ डिसेंबर २०१९ ला कासरगोड, कण्णूर, कोइंबतूर, दिंडिगल, आणि २१ जून २०२० ला सिरसा, कुरुक्षेत्र, देहरादून, जोशीमठ. महाराष्ट्राला तिन्ही खंडग्रासच दिसली.

महाराष्ट्राच्या मधून एक खग्रास पट्टा गेला तो २२ जानेवारी १८९८ ला, आणि त्याचा मार्ग जणू निरीक्षकांच्या सोयीने आखलेला होता. कोकण किनाऱ्यावर विजयदुर्गाजवळून तो देशावर चढला, सोलापूर जिल्ह्यातील जेऊर, विदर्भातील पुलगाव आणि तळणी या स्थानकांवरून पुढे शहडोल आणि बक्सरकडे गेला. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने पट्टा ठिकठिकाणी ओलांडला होता, त्यामुळे जड दुर्बिणी, काचेची छायापटले आणि लाकडी पेट्या थेट स्थानकापर्यंत नेता आल्या. महिना पौष-माघाचा, दख्खनच्या पठारावर आकाश हमखास मोकळे, आणि सूर्य भर दुपारचा. मुंबई-पुण्यात प्लेगची साथ चालू होती, तरी युरोप-अमेरिकेतून तुकड्या आल्याच.

जेऊरला कॅलिफोर्नियाच्या लिक वेधशाळेचे विल्यम कॅम्पबेल चाळीस फूट लांबीचा कॅमेरा घेऊन उतरले. त्याच माळावर पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समधील प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला यांचा तळ होता. पुण्यातली महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा त्यांनी भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून उभी केली होती. जेऊरच्या निरीक्षणांचा त्यांचा अहवाल पुढे स्वतंत्रपणे प्रसिद्ध झाला. भारतीय शास्त्रज्ञाने स्वतः आखलेल्या आणि स्वतः चालवलेल्या ग्रहणमोहिमेचे हे सुरुवातीचे आणि अन्यायाने विसरले गेलेले उदाहरण आहे. पुलगावला केंब्रिजचे न्यूऑल होते. तळणीला वॉल्टर माँडर आणि ॲनी माँडर हे दांपत्य होते. ॲनी माँडर यांनी छोट्या कॅमेऱ्याने सूर्याच्या प्रभामंडलातला एक किरण टिपला, तो सूर्याच्या व्यासाच्या कित्येक पट लांब होता. आधी कोणाच्या छायाचित्रात इतका लांब किरण आला नव्हता. हे सगळे दोन मिनिटांच्या आसपासच्या अंधारात उरकायचे होते.

विजयदुर्गावर नौदलाच्या खलाशांना हाताशी घेऊन इंग्रज खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर थांबले होते. किल्ल्यावरचे ‘साहेबाचे ओटे’ पर्यटकांना दाखवताना लॉकियर यांनी १८६८ मध्ये इथेच हेलियमचा शोध लावला असे आजही सांगतात. त्यातला खरा भाग वेगळा काढायला हवा. १८ ऑगस्ट १८६८ ला खग्रास पट्टा भारतावरून गेला हे खरे. जमखिंडीला जॉन हर्शेल, गुंटूरला फ्रेंच शास्त्रज्ञ जाँसाँ आणि मछलीपट्टणला पॉगसन यांनी तो पाहिला, आणि सूर्याच्या ज्वाळांचे वर्णपट प्रथमच तपासले गेले. लॉकियर मात्र तेव्हा भारतात आलेच नव्हते. त्यांनी हेलियमची पिवळी वर्णरेषा त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये इंग्लंडमधून, ग्रहण नसताना पाहिली. १८७१ च्या ग्रहणासाठी ते केरळच्या किनाऱ्यावर बेकल येथे आले आणि विजयदुर्गाला आले ते १८९८ मध्ये. किल्ल्याचा ग्रहणाशी संबंध खरा आहे, सालच तीस वर्षांनी चुकले आहे.

१८९८ चे ग्रहण संपले तरी त्याचे घराणे संपले नाही. २२३ चांद्रमास, म्हणजे १८ वर्षे ११ दिवस आणि सुमारे ८ तास लोटले की सूर्य, चंद्र आणि पात जवळजवळ त्याच स्थितीत परत येतात आणि जवळजवळ तसेच ग्रहण पुन्हा होते. बॅबिलोनच्या निरीक्षकांना हे चक्र ठाऊक होते. आज त्याला सारोस म्हणतात. वरचे आठ तास महत्त्वाचे, कारण तेवढ्या वेळात पृथ्वी एक तृतीयांश फिरते आणि पुढचे ग्रहण पश्चिमेकडे सरकून दिसते. जेऊरच्या ग्रहणाच्या घराण्यातले सातवे वंशज म्हणजे ८ एप्रिल २०२४ चे ग्रहण, जे मेक्सिकोतून निघून डलास, इंडियानापोलिस, क्लीव्हलंड, नायगारा असे गेले. अमेरिकेतल्या कितीतरी मराठी कुटुंबांनी ते घराच्या अंगणातूनच पाहिले. हे घराणे अजून भरात यायचे आहे. १६ जुलै २१८६ चे त्यातले ग्रहण ७ मिनिटे २९ सेकंदांचे असेल, म्हणजे सैद्धांतिक कमाल मर्यादेच्या अगदी जवळ.

तीन सारोस एकत्र घेतले, म्हणजे ५४ वर्षे आणि महिन्याहून थोडे अधिक, तर तुकड्यांचे आठ तास मिळून पूर्ण दिवस होतो आणि ग्रहण पृथ्वीच्या त्याच बाजूला परतते, फक्त थोडे उत्तरेला किंवा दक्षिणेला. १९८० चे हुबळीचे ग्रहण १९९८ मध्ये कॅरिबियन समुद्रात, २०१६ मध्ये इंडोनेशियात गेले, आणि २० मार्च २०३४ ला भारतात परत येते. या वेळी मात्र लडाखमध्ये.

चक्राने ग्रहणाचा दिवस कळतो, गाव कळत नाही. त्यासाठी लंबन मोजावे लागते. एक डोळा मिटून समोर धरलेले बोट भिंतीवरच्या एका खिळ्याला झाकते, दुसरा डोळा मिटला की बाजूला सरकते. तसाच चंद्र मुंबईतून आणि दिल्लीतून सूर्याच्या संदर्भात थोडा वेगळ्या जागी दिसतो. हा फरक जास्तीत जास्त अंशभराचा, पण सूर्यबिंबच अर्ध्या अंशाचे असल्यामुळे तो निर्णायक ठरतो. भारतीय ग्रंथांनी लंबनाचे गणित फार पूर्वी बसवले. आर्यभटाने इ.स. ४९९ मध्ये चंद्र सूर्याला झाकतो आणि पृथ्वीची छाया चंद्राला, हे स्वच्छ सांगितले. महाराष्ट्रातल्या पंचांगांना शतकानुशतके आधार होता तो कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांच्या ग्रहलाघवाचा. शके १४४२ म्हणजे इ.स. १५२० च्या या ग्रंथात ज्यांचे, म्हणजे त्रिकोणमितीचे, किचकट गणित टाळून सोप्या आकडेमोडीने ग्रहण काढता येते. सोय मोठी होती, पण स्थूल गणितातले अंतर साठत गेले, आणि एकोणिसाव्या शतकात केरूनाना छत्रे आणि पुढे व्यंकटेश बापूजी केतकर यांनी प्रत्यक्ष वेधांशी जुळणाऱ्या कोष्टकांचा आग्रह धरला. आकाशात ग्रहण लागलेले दिसते आणि पंचांगात वेळ वेगळी असते, यापेक्षा सबळ पुरावा कोणाला हवा होता?

आधुनिक गणितालाही एक अडचण आहे. पृथ्वीचा फिरण्याचा वेग एकसारखा नाही. भरती-ओहोटीच्या घर्षणाने तो हळूहळू मंदावतो, आणि चंद्र वर्षाला ३.८ सेंटिमीटरांनी दूर जातो. इ.स.पू. १३६ मधले खग्रास ग्रहण बॅबिलोनमध्ये पाहिल्याची नोंद मातीच्या विटेवर आहे. पृथ्वी आजच्याच वेगाने फिरत आली असे धरले तर तो पट्टा सुमारे ४९ अंश पश्चिमेला, भूमध्य समुद्राच्या पश्चिम भागात पडतो. जुन्या नोंदींमधून पृथ्वीच्या वेगाचा हिशेब लागतो तो असा. पुढच्या काही शतकांसाठी अंदाज भक्कम आहे, पण दोन हजार वर्षांनंतरचा पट्टा कोणत्या जिल्ह्यातून जाईल हे सांगण्याचा दावा कोणी करू नये.

पंचांगातली किंवा दिनदर्शिकेतली ग्रहणाची नोंद वाचताना काही शब्द नीट ओळखावे लागतात. स्पर्श म्हणजे ग्रहणाची सुरुवात, संमीलन म्हणजे बिंब पूर्ण झाकले जाण्याचा क्षण, मध्य, उन्मीलन म्हणजे पहिली कोर पुन्हा उजळणे, आणि मोक्ष. खंडग्रास ग्रहणात संमीलन-उन्मीलन नसते. स्पर्श ते मोक्ष हा पर्वकाळ. ग्रासाचा आकडा कधी व्यासाचा असतो, कधी क्षेत्रफळाचा, आणि दोन्ही टक्क्यांत छापल्यामुळे बातम्यांमध्ये एकाच ग्रहणाचे दोन आकडे येतात. व्यासाचा निम्मा भाग झाकला गेला तरी क्षेत्रफळ चाळीस टक्क्यांच्याही आतच झाकलेले असते. सूर्यग्रहणाच्या वेळा छापताना त्या कोणत्या गावच्या हे लिहिलेले असते. ती ओळ बहुतेक जण वाचत नाहीत. चंद्रग्रहणात वेळा कुठल्याही गावाच्या चालतात, पण आपल्या गावचा चंद्रोदय आणि चंद्रास्त वेगळा पाहावा लागतो. कोलकात्याच्या पोझिशनल ॲस्ट्रॉनॉमी सेंटरकडून देशासाठी ही आकडेमोड दरवर्षी प्रसिद्ध होते आणि पंचांगकर्तेही ती ताडून पाहतात.

या पद्धतीने २०२६ पासूनची काही ग्रहणे पाहिली तर चित्र असे आहे. ३ मार्च २०२६ च्या फाल्गुन पौर्णिमेचे चंद्रग्रहण ६:४७ च्या सुमारास सुटते. मुंबईत चंद्रोदय जवळजवळ त्याच वेळी असल्यामुळे काही मिनिटांचाच प्रश्न आहे, ईशान्य भारतात मात्र खग्रास अवस्थेचा शेवट सापडतो. १२ ऑगस्ट २०२६ चे खग्रास सूर्यग्रहण ग्रीनलंड, आइसलंड, स्पेनचे आहे, आणि २८ ऑगस्टचे चंद्रग्रहण भारतात दिवसा उजेडी होते. २ ऑगस्ट २०२७ चा पट्टा दक्षिण स्पेन, उत्तर आफ्रिका, इजिप्तमधले लक्सर, सौदी अरेबियातील जेद्दा आणि मक्का, येमेन असा जातो. लक्सरजवळ अंधार सव्वासहा मिनिटांहून अधिक टिकतो, आणि तिथे ऑगस्टमध्ये ढग नावालाही नसतात. महाराष्ट्रातून हेच ग्रहण दुपारनंतर खंडग्रास दिसावे, पावसाने उघडीप दिली तर. ३१ डिसेंबर २०२८ च्या रात्री खग्रास चंद्रग्रहण आहे. त्याचा मध्य १०:२२ च्या सुमारास, म्हणजे नववर्षाच्या जल्लोषाच्या ऐन भरात, आणि चंद्र साऱ्या भारतात उंच असेल. २१ मे २०३१ चे कंकण केरळ आणि तमिळनाडूतून दिसेल.

२०३४ चे लडाखचे ग्रहण फाल्गुन अमावास्येला, गुढीपाडव्याच्या आदल्या दिवशी आहे. पट्टा नायजेरियातून निघून इजिप्त, सौदी अरेबिया, इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान पार करत संध्याकाळकडे भारतात पोहोचतो आणि पलीकडे चीनच्या हद्दीत सूर्यास्ताला संपतो. तोवर सूर्य पश्चिमेला बराच खाली आलेला असेल, त्यामुळे अरुंद दरीच्या तळाशी तळ ठोकणाऱ्याला ग्रहणाऐवजी डोंगराची कडाच पाहावी लागेल. जागा निवडताना पट्ट्याच्या मध्यरेषेपेक्षा पश्चिमेची बाजू मोकळी आहे की नाही हे आधी तपासावे लागेल, आणि मार्चमध्ये तिथे जाणारे घाटरस्ते उघडे आहेत की नाहीत हेही.